लॅपटॉप का तापतो

अहो,

लॅपटॉप इतका का तापतो ते आज शोधून काढलं. फायली क्लाउडवर चढवणारं तुम्ही बसवलेलं सॉफ्टवेअरच सगळा प्रोसेसर खातंय. मी एक ओळ टाइप केली, की ती लगेच तुमच्या फोनवर. नोकरीच्या अर्जाबद्दल मी चकार शब्द काढला नव्हता, तरी तुम्हाला सुगावा कसा लागला ते आज कळलं. ते सॉफ्टवेअर बंद केलं, तर लगेच तुमचा फोन, "काय गं, काय बंद केलंस?" मुकाट्याने परत चालू केलं.

जेवण झाकून ठेवलंय. मी मुलाखतीला चाललेय. आपल्या लग्नाचे सगळे फोटो क्लाउडवर चढणाऱ्या फोल्डरमध्ये टाकलेत. संध्याकाळपर्यंत चढत बसतील, म्हणजे तुम्हाला वाटेल मी घरीच आहे.

चिठ्ठी मात्र कागदावर लिहिलीय. ही वाचायला तुम्हाला घरी यावं लागेल.