सटवाजीचं ऑटो रोटेट बंद करणे

२७ जून, शुक्रवार. संध्याकाळी ७

बेइज्जती. दुसरा शब्द नाही.

आज वालूरला केंद्राची शिक्षण परिषद. अठ्ठावीस शिक्षकांसमोर मी टॅबवर महाराष्ट्राच्या नद्या दाखवत होतो. झकास चाललं होतं. पुढच्या रांगेला नीट दिसावं म्हणून टॅब जरा खाली झुकवला, तर नकाशा आडवा. गोदावरी उभी राहिली. टॅब फिरवला तर नकाशाही फिरला. मी मान वाकवली. अठ्ठावीस जणांनी मान वाकवली.

तेवढ्यात सटवाजी उठला. डी.एड.ला माझ्या मागे बसायचा, माझ्याच वहीतून उतरवायचा. त्यानं स्क्रीनवर वरून खाली एक बोट ओढलं, कुठंतरी दाबलं, नकाशा सरळ. टाळ्या! माझ्या पाठाला नाहीत, त्याच्या बोटाला.

पुढच्या परिषदेत तंत्रस्नेही सुलभक निवडणार आहेत. आसपासच्या तालुक्यांतल्या शिक्षकांना टॅब शिकवायचा मान. तो मीच घेणार. आणि सटवाजीला सोडणार नाही.

२८ जून, शनिवार

त्यानं कुठं दाबलं ते दिसलं नव्हतं. विचारायचा प्रश्नच नाही. बावीस वर्षं शिकवलेला माणूस विचारत नसतो.

मनकर्णा म्हणाली, अहो, मी सांगू का, लय सोपं हाय ते. म्हणालो, तू भाजीकडं बघ. भाजी करपलीच होती. माझा मुद्दा सिद्ध.

१ जुलै, मंगळवार

टॅब पाटीला रबरबँडनं घट्ट बांधला. कसाही धरला तरी स्क्रीन फिरत नाही. तंत्रज्ञान म्हणजे शेवटी रबरबँड. सुलभक झाल्यावर हे पहिलं शिकवायचं.

५ जुलै, शनिवार

कारस्थान उघडकीला आलं!

वरून बोट ओढलं की चित्रांचा पडदा खाली येतो. त्यात एक वाकडा बाण. नाव ऑटो रोटेट. माझ्या टॅबवर ते बंद आहे. मी तर कधी हात लावला नाही. मग बंद कुणी केलं? सटवाजीनं. भर सभेत, टाळ्या घेत माझं यंत्र लुळं करून गेला.

चालू म्हणजे चांगलं, बंद म्हणजे वाईट. पंखा, मोटार, पगार, सगळ्याला एकच नियम. ताबडतोब चालू केलं. रबरबँड सोडला. टॅब आता इतका चपळ झालाय की शिंकलं तरी फिरतो.

१२ जुलै, शनिवार

बदल्याची योजना पक्की.

परिषदेत जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांचे टॅब मुख्याध्यापकांच्या खोलीत एकाच एक्स्टेंशन बोर्डावर चार्जिंगला असतात. सगळे सरकारी, सारखेच. पण सटवाजीच्या टॅबवर लेकीनं चिकटवलेलं फुलपाखरू आहे. त्याचं ऑटो रोटेट बंद करायचं. पाठ रंगात आला की टॅब लुळा. तो घामाघूम. मग मी सावकाश उठणार. एक बोट. टाळ्या.

१५ जुलै, मंगळवार

बोटाचा सराव, दोनशे वेळा. मनकर्णाला वाटलं बोट मुरगळलं. हळद लावली.

१९ जुलै, शनिवार

वर्गात टॅब तीनदा फिरला. मुलांना सांगितलं, मॉडेल प्रगत आहे.

मनकर्णा पुन्हा म्हणाली, अहो, शिकवताना ते बंद ठेवावं लागतंय. बंद! ही तर शत्रूची भाषा. माझ्या घरात कुठून आली?

२४ जुलै, गुरुवार

दीप अमावस्या. मनकर्णानं दिवे घासून पाटावर मांडले आणि माझा टॅबही शेजारी ठेवला. म्हणाली, यालाबी उजेड हाय की. हळदकुंकू वाहिलं. कॅमेऱ्यात थोडं कुंकू गेलं. हरकत नाही. उद्या बदला.

२५ जुलै, शुक्रवार. दुपारी १.४०, मुख्याध्यापकांची खोली

फुलपाखरू सापडलं. बंद केलं. फत्ते! आता वरणभात गोड लागेल.

त्याच दिवशी. संध्याकाळी ६.३०

आधी माझा पाठ. विस्तार अधिकारी साहेब पुढेच बसलेले. त्यांना दाखवायला वाकलो. गोदावरी पुन्हा उभी राहिली. एक बोट ओढलं. घामानं बोट घसरलं. नकाशा गेला आणि आमच्या साडूचा फोटो आला. तोही आडवा.

मग सटवाजी. टॅबवर उभ्या पानाची गोष्ट वाचत रांगांमधून हिंडला. टॅब तिरका केला, बाकावर आडवा ठेवला, साहेबांच्या हातात दिला. साहेबांनी चारी बाजूंनी फिरवून बघितला. पान जागचं हललं नाही. मी उठायची वाट बघत होतो, पण उठायला काही कारणच मिळेना.

साहेब म्हणाले, हे असं पाहिजे.

तेव्हा सटवाजी म्हणाला, साहेब, खरं सांगू का, लॉक करायचं मी इसरलोच होतो. सुट्टीत बन्सीधर सर माझा टॅब हातात घेऊन बंद करायलेते, मी दारातून बघितलं. सोताचं राहिलं पण माझं केलं बघा. असा दोस्त मिळायला नशीब लागतंय.

टाळ्या. यावेळी मलाच. मला रडू येत होतं. सगळ्यांना वाटलं, सर भारावले.

सुलभक सटवाजी. सहायक मी. काम: प्रशिक्षण सुरू होण्याआधी प्रत्येकाच्या टॅबचं ऑटो रोटेट बंद करणे. पहिलं प्रशिक्षण सोमवारपासून, जिंतूरला.

२६ जुलै, शनिवार

मनकर्णाला सगळं सांगितलं. बदल्याचंही. हसली नाही, तेच जास्त लागलं.

म्हणाली, सटवाजी भावजींना ते त्यांच्या बायकोनं, राजेश्रीवहिनीनं शिकवलंय. म्हणालो, आणि राजेश्रीवहिनीला? म्हणाली, मी. बचत गटात, उन्हाळ्यात. समद्या बायांना शिकवलंय.

मग मला का नाही सांगितलं, असं विचारलं. म्हणाली, दोनदा सांगाय आले, एकदा तुमी म्हणलात भाजीकडं बघ, एकदा ऐकलंच न्हाई.

सोमवारच्या आत शिकायला हवं. टॅब तिच्या हातात आहे. तिसऱ्यांदा सांगतेय.

भाजीकडं मी बघतोय.