सव्वा किलो फ्रेंच

सातपूर, नाशिक
रविवार, जेवणं आटोपल्यावर

ती. छायावन्संच्या पायांशी, सातपूरहून प्रतिभाचा वाकून नमस्कार.

इकडे आम्ही दोघं बरे आहोत. तिकडे वणीला यंदा टोमॅटो कसा निघाला, निवृत्तीभाऊजींच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं का, डोळ्यात थेंब वेळेवर घालतात की नाही (नसतीलच घालत, डोळे त्यांचे असले तरी काळजी तुमची) हे सगळं सविस्तर कळवा.

तुमच्या बंधुराजांनी तुम्हाला फोन करून सांगितलंय की माझ्या डोक्यावर परिणाम झालाय, मी सकाळी उठून घशातून चमत्कारिक आवाज काढते आणि भिंतीशी बोलते. मला सगळं कळलं. म्हणूनच हे पत्र. फोनवरही सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मला दुसरं वाक्य पुरं करू देत नाही (राग मानू नका, पहिलं करू देता). तर वन्सं, मी ठणठणीत आहे. मी फ्रेंच शिकते आहे.

आता या वयात हे काय खूळ, असं तुम्ही म्हणाल. म्हणून मुळापासून सांगते. आपला राज तिकडे फ्रान्सात ल्यों गावात नोकरीला, सून तिथलीच. तिचं नाव लिहितात कॅमिल आणि म्हणतात कामीय. (ल कुठं गेला ते विचारू नका. त्या लोकांत अर्धी अक्षरं नुसती लग्नाच्या फोटोत उभी राहिल्यासारखी असतात, कामाला हात लावत नाहीत.) चार वर्षांची एलू आईशी फ्रेंच बोलते आणि बापाशीही फ्रेंचच, कारण आपल्या चिरंजीवांना मराठी बोलायचा कंटाळा. तिला मराठीतला शब्द येतो एकच, आजी. रविवारी व्हिडिओवर ती पाखरासारखं बोलत राहते, राज मध्ये बसून अर्थ सांगतो, आणि मी खिडकीतून दुकान बघावं तशी नातीला बघते.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी राज अंघोळीला गेलेला. एलूनं फोन उचलला आणि मोठे डोळे करून मला काहीतरी विचारलं. मला त्या भाषेतला शब्द येत होता एक, 'वी', म्हणजे हो. आजीनं नातीला नाही कशाला म्हणायचं? मी तोंडभर हसून म्हटलं, "वी वी!" तिनं पुन्हा विचारलं. मी टाळ्या वाजवून पुन्हा म्हटलं, "वी वी वी!" तशी पोरीनं जे भोकाड पसरलं! कामीय धावत आली, राज टॉवेलवर आला. मग उलगडा झाला. त्यांच्या शेजारणीचं मांजर मेलं होतं आणि पोर विचारत होती, "आजी, तूपण मरणार का?"

वन्सं, त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्याच दिवशी मी फोनवर फ्रेंच शिकवणारं ॲप घेतलं.

ते ॲप पहिल्या दिवसापासून सांगतंय की घोडा सफरचंद खातो. घोड्याशी माझं काही भांडण नाही, पण नातीला मी काय सांगू? शिवाय त्यांच्यात वस्तूंनाही बाई-पुरुष केलंय. आपलं बिचारं गरीब 'ते टेबल' तिकडे बाई आहे. त्या नादात मी बंधुराजांना "ती टेबल पुसली का?" असं विचारलं, तर ते पेपर खाली ठेवून माझ्याकडे बघतच बसले. मात्र काही शब्द अगदी आपल्या शिवारातले निघाले. बाप म्हणजे 'पेर' आणि आई म्हणजे 'मेर'. आजी ती 'ग्राँमेर', ग्राँ म्हणजे मोठी. म्हणजे मी आता मोठा बांध झाले. आणि आकडे? ऐंशीला म्हणतात चार विसा, नव्वदला चार विसा नि दहा! तुमच्या आई टोमॅटोचे क्रेट अस्सेच मोजायच्या आणि आपण दोघी तोंडाला पदर लावून हसायचो. घरात धडधडीत फ्रेंच बोलणारी बाई होती आणि आपण त्यांच्याकडून नुसती शेव भाजी शिकलो.

खरी पंचाईत झाली 'र'ची. त्यांचा र जिभेवरून येत नाही, गुळण्या केल्यासारखा नरड्यातून येतो. ॲप म्हणालं, सराव करा. मी सकाळी गॅलरीत उभी राहून सुरू केलं. शेजारचे सहादूभाऊ नुकतेच कंपनीतून रात्रपाळी करून झोपलेले. त्यांना वाटलं, बिल्डिंगची पाण्याची मोटार हवा ओढतेय. ते मिटल्या डोळ्यांनीच खाली गेले आणि मोटारीचा मेन स्विच बंद करून परत येऊन झोपले. अख्ख्या बिल्डिंगला पाणी नाही! साबण लावलेली माणसं दारं उघडून ओरडतायत, प्लंबर आला, टाकी उघडली, मोटार उघडली. मी गर्दीत उभी राहून "कमाल आहे बाई" म्हणत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा 'र' काढला आणि सहादूभाऊ चप्पल घालून बाहेर आले ते थेट माझ्यासमोर. "वहिनी," ते म्हणाले, "तुम्ही होता होय?" तेव्हापासून मी उशीत तोंड खुपसून सराव करते. खालच्या मजल्यावरची संजना मला दमा झाला म्हणून काढा आणून देते. तो मी पिते. कारण सांगत बसण्यापेक्षा काढा बरा.

मग ॲपनं सांगितलं, लोकांशी बोला. सातपुरात फ्रेंच माणूस मी कुठून आणू? म्हणून भाजीबाजारात रंगूबाईपासून सुरुवात केली. 'कसं काय' याला ते म्हणतात 'सा वा'. मी कारल्यांवर हात ठेवून गोड आवाजात म्हटलं, "सा वा, रंगूबाई?"

"सव्वा? सव्वा किलो कारली?" ती म्हणाली. "लय पाहुणे हाय का ताई?"

नाही कसं म्हणू? मागे चार बायका उभ्या. बंधुराजांनी आठवडाभर कारली खाल्ली. (त्यांचा तुम्हाला फोन गेला तो यानंतरच. हे त्यांनी सांगितलं नसेल.)

शेवटी महिन्यापूर्वीच्या रविवारी मी धीर केला. राजला म्हटलं, तू मध्ये बोलायचं नाहीस. इस्त्रीची साडी नेसून बसले. दोन वाक्यं घोकली होती. पहिलं, मी मरत नाही. यात त्यांचा नकार दोन तुकड्यांत असतो, एक तुकडा पुढे, एक मागे. दोन्ही तुकडे जागच्या जागी बसले. एलू गप्प होऊन ऐकत राहिली. मला असा काही चेव चढला! दुसरं वाक्य होतं, तू दिवाळीला ये, मी तुला खायला घालीन. त्यातलं 'घालणं' ऐनवेळी कुठं गेलं कोण जाणे. मी हात पसरून, डोळे मोठे करून, नरड्यातून म्हटलं, "मी तुला खाईन!"

कामीयनं तोंडावर हात ठेवला, राज सोफ्यामागे गेला (हसायला). म्हटलं, संपलं, पोर आता जन्मात तोंड दाखवायची नाही. एलू उठली, पळून गेली. आणि वन्सं, परत आली ती मोजा काढून. कॅमेऱ्याला पाऊल चिकटवलं आणि ओरडली, "आजी, मांज!" म्हणजे खा.

मी खाल्लं. पाच बोटं एकेक करून खाल्ली, ढेकरही दिला. पोर हसून हसून सोफ्यावरून खाली पडली. आता ती रविवारची वाट बघत नाही. रोज संध्याकाळी स्वतः फोन लावायला लावते. कधी कोपर, कधी कान, परवा पोट होतं. मध्ये राज लागत नाही. परवा खाताना मी मराठीत म्हटलं, "मीठ कमी आहे गं." तर पळत जाऊन मिठाची बाटली घेऊन आली! कसं कळलं तिला? मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच ओटा पुसत राहिले.

असो. खूप लिहिलं. लहानांना पापे, मोठ्यांना नमस्कार, मधल्यांना जे बसेल ते.

तुमची,
प्रतिभा

ता. क. दिवाळीला राज, कामीय आणि एलूबरोबर आमच्या विहीणबाई, म्हणजे कामीयची आई ओदील, याही येताहेत. त्यांनी मला तिकडून एक लांबलचक बोललेला निरोप पाठवला होता. त्या इतक्या भरभर बोलतात की भाषांतर करणाऱ्या फोनला त्यातून 'डोंगर', 'गाय' आणि 'बूट' एवढेच शब्द लागले. बंधुराजांनी उत्तरादाखल गुलाबाची फुलं आणि जोडलेले हात असं चित्र पाठवून दिलं. काल राजनं सांगितलं, बाई विचारत होत्या की नाशकात न राहता आठ दिवस वणीला तुमच्या शेतावर राहिलं तर चालेल का. चित्र बघून त्यांनी होकार समजला आणि नवे बूट घेतले. तर एक खोली रिकामी करून ठेवाल ना? खाण्याचं काही नाही, कारलं सोडून सगळं खातात.

ता. क. दुसरा. त्यांना भाषेची धास्ती वाटू नये म्हणून मी राजकरवी कळवलंय की आमच्या छायावन्संना फ्रेंच माझ्याहून चांगली येते. बाईंना इतका आनंद झालाय की त्या तुमच्यासाठी चारशे पानांची कादंबरी आणताहेत, आणि ती तुम्हाला कशी वाटली यावर त्यांना तुमच्याशी निवांत बोलायचंय. मुखपृष्ठावर होडी आहे, एवढं मला कळलंय. तेवढ्यावरून काही बोलता आलं तर बघा.