कॅमेरा कोण फिरवतंय

९ जुलै
आज परत! दगडांवरच्या पांढऱ्या खुणा काल चित्राच्या बरोब्बर मध्ये होत्या, आज डावीकडे सरकल्यात. दगड काही चालत नाहीत. म्हणजे पुलावरचा कॅमेराच कोणीतरी फिरवतंय.

प्रकल्पाचे सर फोनवर वैतागले. ओहोळावरचा फेस, पानं किती वेगाने जातात ते व्हिडिओवरून मोजायचं, मग कॉम्प्युटरवरचं मॉडेल सांगणार किती पाणी गेलं — आणि हे सगळं त्या खुणांच्या भरवशावर. त्याच हलल्या तर आकडे कचऱ्यात. "भाविनी, तिकडे तू आहेस ना?" म्हणाले. म्हणजे चूक माझी.

११ जुलै
माझा संशय जमनाताईंवर. पुलाला लागून त्यांचंच घर. कॅमेरा बसवला तेव्हा अख्ख्या पाड्यासमोर म्हणाल्या होत्या, इथे आमच्या बाया आंघोळी करतात, कॅमेरा नको. मी समजावलं, दिशाही बदलून दिली. त्यावर एक शब्द नाही बोलल्या. आमच्या वरोरला बायका कडाकडा भांडतात आणि विषय संपतो. गप्प बसणाऱ्यांचं मला कळत नाही.

१२ जुलै
त्यांचा दीर रविंद्र — त्याला आम्हीच काच पुसायला ठेवलाय. विचारलं. नट रोज आवळून बघतो म्हणाला आणि खाली बघत राहिला. हा पण सामील?

नटांवर लाल रंगाची रेघ मारून आले. आता कोणी हात लावला की कळेल.

१६ जुलै
रेघा जशाच्या तशा. खुणा मात्र आणखी सरकलेल्या!

डोकं फिरलं. तडक जमनाताईंच्या ओट्यावर गेले आणि नको ते बोलले. त्या नुकत्याच लावणीवरून आल्या होत्या, पाय चिखलाने भरलेले. चार बाया जमल्या. जमनाताईंनी सगळं ऐकून घेतलं.

"नको होता तर तोंडावर सांगितला ना मी? मग चोरून कशाला करू?"

तशीच मागे फिरले. तरी येताना डोक्यात तेच — मग कोण?

१७ जुलै
सगळे व्हिडिओ ओळीने बघितले. कोणाचा तरी हात शोधत होते. एकही हात नाही. चित्र हलतं ते एसटी गेली की. केसभर. आणि परत जागेवर येत नाही.

नट घट्ट. कॅमेऱ्याचा खांब घट्ट. तो खांब बसवलाय पुलाच्या कठड्यावर.

कठडा!

रविंद्रला घेऊन पुलाखाली उतरले. पुलाच्या मधल्या खांबाच्या पायाखालची माती पाण्याने खाल्लीये. आत हात जातो.

बांधकाम खात्याच्या कचेरीत फोन केला. लेखी द्या म्हणाले, माणूस पाठवू. कधी ते नाही सांगितलं.

जमनाताईंना पुलाचं सांगताना मान वर होईना. माफी अर्धीच तोंडातून निघाली, त्यांनी ती पुरी ऐकलीही नाही. कुंपणाच्या काटेरी फांद्या ओढून रस्त्यात टाकायला लागल्या. पुलाच्या दोन्ही बाजूंनी. एसटीचा ड्रायव्हर शिव्या देत माघारी गेला.

१८ जुलै
आता सगळे माझ्याकडेच संशयाने बघतात. कोणीतरी उठवलंय की इथे धरण आणायचंय म्हणून या बाईने पूल बंद पाडला. सर म्हणतात, हे आपलं काम नाही, तू निघून ये. पलीकडच्या पाड्यातले उद्या फांद्या काढणार आहेत.

मलाही धास्ती. चुकले असेन तर? लोकांचा बाजार, दवाखाना, सगळं अडवून ठेवलंय मी.

जमनाताई लावणी टाकून रस्त्यात बसून आहेत. मी विचारलं, तुमचा विश्वास आहे माझ्यावर?

"नाय. पण पुलाखाली मी पण हात घालून आले."

१९ जुलै
सकाळी पूल गेला, कॅमेऱ्यासकट. पलीकडे माणसं फांद्या ओढत होती. मागे एसटी उभी होती — भरलेली.