समुद्रापारच्या पेट्या

५ जानेवारी

सरकार पावले! परदेशातील एका महाकाय कारखान्याचे कंत्राट आमच्या कंपनीस मिळाले, आणि त्यास साक्षात सरकारची हमी. म्हणजे तिकडच्या गिऱ्हाइकाने हात वर केले, तर बँकेचे पैसे सरकार भरणार. सरकार म्हणजे कोण, हा प्रश्न सुज्ञांनी विचारू नये. आम्ही येथे कॉम्प्रेसर घडवतो. तसाच आख्खा कारखाना तिकडे उभारायचा, यंत्रसामग्री येथून धाडायची. ‘इथल्या प्रत्येक हाताला काम,’ उद्योगमंत्री टीव्हीवर म्हणाले. अस्मादिक पॅकिंग खात्याचे सार्वभौम अधिपती (प्रजा: चार सुतार, एक मांजर). आमच्या खिळ्यांवाचून हा विश्वव्यापार अशक्य, हे नम्रपणे नमूद करतो.

९ जानेवारी

धाकटे बंधुराज सपत्नीक जेवावयास आले. आमच्याच कारखान्यात मोठ्या लेथवर (लोखंड कातण्याच्या यंत्रावर) असतो. दुसऱ्या शहरातील कारखान्याने त्याला नोकरीस बोलावले आहे. “दादा, जाऊ का?” मी हात धुण्यापूर्वीच अर्थशास्त्रावर प्रवचन आरंभिले. राजाश्रय लाभला असता पळणे म्हणजे भरल्या ताटावरून उठणे, इत्यादी. “तो खरंच उठेल, आधी जेवू द्या त्याला,” — आमच्या सौभाग्यवती.

निघताना भावजयीने दारात विचारले, “नक्की ना, भाऊजी? पोरांच्या शाळेचं बघायचंय.”

“निःसंशय!”

त्याने तिकडे नकार कळवला.

२ फेब्रुवारी

महासोहळा! मंत्रिमहोदयांनी झेंडा दाखवला, पहिल्या पेटीचा ट्रक हलला, माइकने शिट्टी मारली. पेटी रिकामी होती. माल तयार नव्हता. मंत्र्यांची वेळ तयार होती. “साहेब, आत काहीच नाही हो,” मी व्यवस्थापकांच्या कानी घातले. “फोटोत आतलं दिसतं का?” तर्क अभेद्य. पेटी पुढच्या फाटकातून परदेशी गेली आणि मागच्या फाटकातून मायदेशी परतली. सुतारांनी तिचे आनंदाश्रूंनी स्वागत केले — मांजर आत जाऊन झोपले.

१९ फेब्रुवारी

धाकटा म्हणतो, “सोहळा झाला, दादा, पण आमच्या लेथवर नवीन काम कुठंय?”

“महाप्रकल्पांचे चक्र मंदगतीने फिरते.”

वाक्य देखणे होते. आत काही नव्हते. पेटीसारखेच.

११ मार्च

आज उलगडा झाला. तिकडे जाणारी यंत्रे नवी घडवायचीच नाहीत. आमचीच उभी यंत्रे उपटून, रंग फासून पाठवायची! कॉम्प्रेसर यापुढे तिकडेच घडणार — मजुरी स्वस्त. सरकारच्या लेखी हीदेखील निर्यातच, हमी अबाधित.

“आणि आपली माणसं, साहेब?”

“माणसं हमीत येत नाहीत हो.” व्यवस्थापक चहा ढवळत म्हणाले.

दुपारी त्या दुसऱ्या शहरातील कारखान्यास फोन केला. मी! फोनवर उभा राहून वाकलो. “जागा भरली. तुमच्या भावानंच नको म्हटलं होतं ना?”

होय. माझ्या भावानेच.

१२ मार्च

धाकट्याच्या दारापर्यंत गेलो. आतून पोरांचे हसणे ऐकू आले. परतलो. एवढी संस्कृत वाणी पदरी, आणि एक साधे वाक्य जुळेना.

१६ मार्च

पेटीसाठी मोठ्या लेथचे माप घेतले. टेपचे एक टोक मी धरले. दुसरे, न सांगता, धाकट्याने.

“मला कळलंय, दादा. तिकडच्या पोरांना ही चालवायला शिकवायचं म्हणून मलाही नेतायत. चार महिने. मग सुट्टी — कायमची.”

मी टेपवरचा आकडा वाचू लागलो.

“टेप नीट ताण. पेटी लहान व्हायला नको.”