सशाच्या रक्ताचा लेप

२१ जुलै १९९७, सोमवार
आज घरात आलेलं सामान — साबुदाणा १ किलो, २६ रु. नारळ ३, २४ रु. कापूर ५ रु. शिवाय सूनबाईंची बोटभर बाटली — अठरा हजार! सरकारी खर्चाची, पण राहणार आमच्या फ्रिजमध्ये. लॅबमधला बिघडलाय म्हणे.

पद्मजानं समजावलं. आतल्या दुधट पाण्यात डोळ्याला न दिसणारे मणी, त्यांच्यावर लेप. मणी काचेवर चिकटवायचे, काच पाण्यात बुडवायची — टायफॉईडचे जंतू लेपाला अडकतात.
"म्हणजे माशांचा चिकट कागद!" मी म्हटलं.
"बिल्कुल, आई!" खूश झाली पोर.
लेप कशाचा? तर सशाच्या रक्तातून काढतात! आणि शेजारी मोदकांचं सारण ठेवायचं मी?

२२ जुलै
चैन नाही. अविनाश हसतो — "आई, ससा उडी मारून सारणात नाही येणार." बायकोची बाजू घ्यायला बरं सुचतं!

२३ जुलै, संकष्टी
पहाटे बाटली वर बर्फाच्या कप्प्यात सरकवली. तिथं निदान आडपडदा आहे. मग नैवेद्याचं केलं.

२४ जुलै
पद्मजा उठायच्या आत बाटली परत खाली.

३० जुलै
मणी काचेवर बसतच नाहीत. गुठळ्या होतात, धुतलं की वाहून जातात. लॅबचे सर सगळ्यांसमोर तिला म्हणाले, "तुम्हारे हाथ में सफ़ाई नहीं है।" माझ्या सुनेला! पंधरा ऑगस्टपर्यंत काच जमली नाही तर नोकरी जाणार. जेवली नाही.

२ ऑगस्ट
अविनाशला विचारलं, ते मणी गोठले तर?
"कामातून गेले. का गं?"
म्हटलं, सहज.
जप चुकतोय. तीनदा पहिल्यापासून धरला.

५ ऑगस्ट
ग्वाल्हेरला माहेरी गेली. राजीनामा लिहून नेलाय, तिथून टाकणार. निघताना पाया पडली — "आई, माझाच हात वाईट." मी त्याच हातावर दही ठेवलं.

६ ऑगस्ट
फोन लावला. नुसतंच विचारलं, जेवलीस का?

७ ऑगस्ट
पत्र टाकलं. नक्कल ठेवते —
चि. सौ. पद्मजा, राजीनामा पाठवू नकोस. बाटली मी गोठवली. 'गोठवू नये' असं तिच्यावर इंग्रजीत होतं. ते मी त्याच पहाटे वाचलं होतं. मॅट्रिक आहे मी. वाटलं, एका दिवसानं काय होतंय! तुझ्या सरांपुढे उभी राहून सांगेन. कधी येऊ ते उलट टपाली कळव.