निघतानाची ताजीम

दुबई, ऑक्टोबर १९६७

अब्बा,

वर्गात तुम्हीच शिकवलंत: जोधपूर दरबारात सरदार आला की राजा उठून मान द्यायचा, ती ताजीम. बडा जहागीरदार निघतानाही राजा उठायचा, ती दोहरी ताजीम.

मी रजेवर आलो की तुम्ही उठायचात. निघताना मात्र पेपरातून डोकंही वर काढत नव्हतात. इथे अरबाब, म्हणजे आमचा मालक, आला-गेला की आम्ही सगळे उठतो. तुमच्या दरबारात मी कायम धाकटा सरदार! त्याच रागात या खेपेला न सांगताच निघालो.

आज धाकट्या भावाचं, गनीचं पत्र आलं. एस.टी.चा हॉर्न ऐकून तुम्ही अनवाणी फाट्याकडे धावलात आणि वाटेतच कोसळलात. दफनही झालं.

अब्बा, तुम्ही बसूनच राहायचं होतं.

तुमचा,
खैरुद्दीन