खाऱ्या बांगड्यांचा वास

रामनगर, शनिवार, दिवेलागणीला

आजही शेजारच्या फिलूबायनी अंगणात खारे बांगडे वाळत घातले होते. सासूबाई माळकरी. वास आला की काही न बोलता त्या बाजूची खिडकी लावून घेतात, इतकी वर्षं. मी याला सहनशीलपणा म्हणत आले. आहेच की तो. पण तेवढा पुरतो का?

आज खिडकी लावायच्या आतच खानापूरहून त्यांचा भाचा आला. नाकाला रुमाल लावून मोठ्यानं म्हणाला, "मावशी, असल्या लोकांना गल्लीत ठेवता कशाला? हाकला की." फिलूबाय अंगणातच होत्या. बांगडे उलटणारा त्यांचा हात थांबला.

सासूबाई उठल्या. मला वाटलं, आता खिडकी लावणार. त्यांनी ती सताड उघडली. "तुला सोसत न्हाई तर तू आपल्या घरला जा. ती हितंच ऱ्हाणार."

तो रागानं निघून गेला. घरात अजून वास आहे. सासूबाई नाकाला पदर लावून बसल्यात. मघाशी मी खिडकी लावायला उठले, तर हळूच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे आज. लावली की तिला आवाज जातोय."